मीटिंगमध्ये सगळे ‘हो’ म्हणतात, स्टाफरूममध्ये वेगळंच चालतं: नव्या मुख्याध्यापकांनी काय करावं?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही बाहेरून मुख्याध्यापक म्हणून आलात. एक सत्र झालं. मीटिंगमध्ये सगळे ‘हो सर’ म्हणतात, मग स्टाफरूममध्ये त्याच निर्णयाची चिरफाड होते आणि ती तुमच्या कानावर तिसऱ्याच माणसाकडून येते. वर्गनिरीक्षण करून तुम्ही प्रत्येकाला दहापैकी गुण आणि खाली सविस्तर शेरा दिलात. त्यावर दोन ज्येष्ठ शिक्षिका दुखावल्या, आता त्या कामापुरतंच बोलतात. सूचनापेटी लावली, ती रिकामीच राहिली. तुम्ही विचारलंय की संवादकौशल्याची कार्यशाळा घ्यावी का, अभिप्राय गोड भाषेत कसा द्यावा, आणि निरीक्षणाचे शेरे फाइलला लावावेत का.

कार्यशाळा सध्या नको. तुमच्या शाळेत संवाद भरपूर आहे, फक्त तो तुमच्याशी होत नाही. जी माणसं स्टाफरूममध्ये तुमच्या वेळापत्रकातल्या त्रुटी इतक्या नेमक्या शब्दांत सांगू शकतात, त्यांना बोलायला शिकवण्याची गरज नाही. तुमच्यासमोर बोललं की पुढे काय होतं, हे त्यांना अजून दिसलेलं नाही. किंवा दिसलंय आणि ते फारसं बरं नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे, भाषेचा क्रमांक नंतरचा.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुमच्याआधीचे मुख्याध्यापक कसे होते, यावर तुमच्या वाट्याला काय आलंय ते बरंच ठरतं. आधी कुणी बोललं आणि त्याची किंमत मोजली असेल, तर तुम्ही कितीही भले असलात तरी लोक वर्षभर थांबून बघतील. शिक्षकांचा गोपनीय अहवाल किंवा वेतनवाढीची शिफारस तुमच्या हातात असेल, तर तुमच्या प्रत्येक शब्दाला वजन येतं, मग तुम्ही चहा घेताना बोललात तरी. आणि शाळा दहा-बारा शिक्षकांची असेल तर पुढचं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता. साठ-सत्तरांची असेल तर पर्यवेक्षकांनाही हेच करावं लागेल, आणि त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

रिकाम्या सूचनापेटीबद्दल आधी. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला होता, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी की चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले: त्या गटांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तर त्या लपवल्या जात नव्हत्या. शाळेलाही हे तंतोतंत लागू पडतं. तक्रार नसणारी शाळा मला सुखी शाळा वाटत नाही. तिथल्या तक्रारी कुठे जातात, हे मी शोधायला लागते.

पेटी काढून टाका. निनावी चिठ्ठीची सोय करणं म्हणजे नाव सांगून बोलणं इथे धोक्याचं आहे असं आपणच जाहीर करणं. त्याऐवजी माणसांकडे जा, पण ‘काही अडचण आहे का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर जगभर ‘नाही सर, सगळं ठीक आहे’ असंच येतं. अरुंद प्रश्न विचारा. ‘सध्या आपण भरून घेतो त्यातला कुठला तक्ता बंद केला तर तुमच्या शिकवण्याला काहीच फरक पडणार नाही?’ ‘मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्ग स्थिरावायला किती वेळ जातो?’ अशा प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे कुणाविरुद्ध बोलणं नसतं, त्यामुळे उत्तर मिळतं. मिळालं की त्यांच्यासमोरच वहीत लिहा.

या वहीतल्या प्रत्येक ओळीला उत्तर परत गेलं पाहिजे, आणि तेही तुम्ही सांगितलेल्या दिवसापर्यंत. उत्तर तीनपैकी एक असतं: करतोय, करणार नाही आणि त्याचं कारण हे, किंवा अजून ठरलेलं नाही, अमुक तारखेला सांगतो. नव्या मुख्याध्यापकांना वाटतं की ‘नाही’ म्हटल्याने माणसं तुटतील. माझा अनुभव असा की कारणासह दिलेल्या ‘नाही’ने फारसं कुणी तुटत नाही. तुटतात ते ‘बघू’ने. ‘बघू’ ऐकलेला शिक्षक दुसऱ्यांदा तुमच्याकडे येत नाही, आणि का येत नाही ते स्टाफरूममध्ये सांगतो.

यामागे थोडं संशोधनही आहे. अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९० च्या दशकात शिकागोच्या प्राथमिक शाळांचा दीर्घ अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत सुरुवातीला प्रौढांमधला, म्हणजे मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांच्यातला, परस्परविश्वास भक्कम होता, त्यांची गणित आणि वाचनात सुधारणा होण्याची शक्यता साधारण दोनांत एक होती. जिथे तो फार कमकुवत होता तिथे सातांत एक. अशा विश्वासाचा अंदाज माणसं चार गोष्टींवरून बांधतात, असं त्यांनी मांडलं: समोरचा आपल्याला आदराने वागवतो का, त्याला त्याचं काम येतं का, त्याला आपल्याबद्दल माणूस म्हणून आस्था आहे का, आणि तो बोलल्याप्रमाणे वागतो का.

मी ज्या नव्या मुख्याध्यापकांबरोबर काम करते ते बहुतेक आदर आणि आस्थेवर भर देतात. वाढदिवस लक्षात ठेवतात, आजारपणाची चौकशी करतात. ते चांगलंच आहे. पण शिक्षक तुम्हाला जोखतात ते उरलेल्या दोन गोष्टींवर, आणि त्या दोन्ही एका फारच साध्या कागदावर दिसतात. तो कागद म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या जागी कोण जाणार याचा रोजचा तक्ता.

हसू नका. शाळेतला सगळ्यात राजकीय कागद तोच. कुणाचा मोकळा तास वारंवार जातो, कुणाचा कधीच जात नाही, कुणाला आदल्या दिवशी कळतं आणि कुणाला घंटा झाल्यावर, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं नोंदलेलं असतं. तुम्ही मीटिंगमध्ये ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणता आणि त्याच आठवड्यात तीन बदली तास एकाच तरुण शिक्षिकेच्या माथी येतात, कारण ती नाही म्हणत नाही. मग तुमच्या वाक्याचं काय होणार? हा तक्ता महिन्याभरासाठी स्वतःच्या हातात घ्या. कुणाला किती तास गेले ते भिंतीवर लावा. पर्यवेक्षकांची नावंही त्यात असू द्या, आणि शक्य असेल तर तुमचंही. विश्वासावर दिलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा या एका कागदाचा परिणाम लवकर दिसतो.

आता अभिप्रायाकडे येते, कारण तुमचं नुकसान तिथे झालंय.

तुम्ही गुण आणि शेरा एकत्र दिलात. संशोधिका रूथ बटलर यांचा १९८८ चा एक प्रयोग काही शिक्षकांना माहीत असतो, पण आपण तो मुलांपुरताच वापरतो. त्यांनी मुलांच्या एका गटाला नुसते शेरे दिले, एकाला नुसते गुण, एकाला दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी आणि गोडी वाढली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तो फायदा झालाच नाही. गुण दिसला की शेरा वाचायचा राहतो. मोठी माणसं वेगळी वागत नाहीत. ज्या बाईंनी तीस वर्षं वर्ग सांभाळलाय त्यांनी तुमचा ‘सहा’ वाचला, खालच्या बारा ओळी नाही.

आणि अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, हेही गृहीत धरू नका. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायाने कामगिरी खालावलेली निघाली. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून उडून ‘माझ्याबद्दल काय म्हटलं जातंय’ याकडे गेलं की अभिप्रायाचा उपयोग संपतो. दहापैकी गुण म्हणजे लक्ष तिकडे नेण्याची पक्की सोय.

म्हणून मूल्यमापन आणि शिकण्यासाठीचं निरीक्षण ही दोन वेगळी कामं ठेवा. वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर, आणि आधी सांगून. तुम्हाला नियमाप्रमाणे वर्षातून एकदा किंवा दोनदा औपचारिक मूल्यमापन करावं लागत असेल तर ते करा आणि त्याला त्याच नावाने हाक मारा. ‘सहज आलो होतो’ असं म्हणून मागच्या बाकावर बसायचं आणि मग त्याची नोंद अहवालात करायची, हे एकदा जरी झालं तरी पुढची कित्येक वर्षं तुम्हाला खरा तास बघायला मिळणार नाही. तुमच्यासाठी तयार केलेला तास मिळेल.

भाषा गोड कशी करावी, असं तुम्ही विचारलंत. करू नका. आधी कौतुक, मध्ये टीका, शेवटी पुन्हा कौतुक ही पद्धत शिक्षकांना तोंडपाठ असते. तुम्ही पहिलं कौतुक करताच समोरचा माणूस ‘पण’ची वाट बघायला लागतो. शिवाय त्यामुळे तुमचं खरं कौतुकही संशयास्पद होतं. न्यूझीलंडच्या संशोधिका व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी शाळाप्रमुखांच्या अवघड संभाषणांवर बरंच काम केलंय. मुख्याध्यापक थेट आरोप करतात किंवा आडून आडून सुचवतात, पण दोन्ही प्रकारांत त्यांचं मत आतून आधीच पक्कं असतं आणि ते तपासून बघण्याची त्यांची तयारी नसते, ही रॉबिन्सन यांची मांडणी मला माझ्या कामात वारंवार पटत आली आहे. त्यावर उपाय असा की चिंता स्पष्ट सांगायची, ती कशावरून वाटली ते सांगायचं, आणि मग खरोखर विचारायचं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगते. समजा गणिताच्या तासाला सगळी उत्तरं पुढच्या दोन बाकांवरून आली. शेरा लिहायचा तर आपण लिहितो: ‘सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग घ्यावा.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही तासाला चालेल, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी समोरासमोर बसून:

‘बाई, आज तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या दोन बाकांवरूनच आली, असं मला दिसलं. मागच्या मुलांना अपूर्णांक कितपत कळले याची मला काळजी वाटते. तुम्ही तेव्हा काय विचार करत होता?’

मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं, पण बसायचं. बाई कदाचित म्हणतील, ‘सर, मागच्या एका मुलाला गेल्या आठवड्यात विचारलं तर अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून तो माझ्याकडे बघतच नाही. म्हणून मी तिकडे प्रश्न टाकत नाही.’ बघा, आता प्रश्नच बदलला. तुम्हाला वाटत होतं बाईंना प्रश्न कसे विचारावेत ते कळत नाही. त्यांना चांगलंच कळत होतं, त्या एका मुलाला वाचवत होत्या. तुम्ही ‘सहभाग घ्यावा’ लिहून आला असता तर त्यांच्या लेखी तुम्ही वर्ग न कळणारे मुख्याध्यापक ठरला असता, आणि त्यात तथ्यही असतं.

आता एखादी छोटी गोष्ट दोघं मिळून ठरवता येते. उदाहरणार्थ, तोंडी उत्तराऐवजी सगळ्यांनी पाटीवर किंवा वहीत उत्तर लिहून वर धरायचं, म्हणजे हसण्याला जागाच राहत नाही. किंवा प्रश्न विचारल्यावर थांबण्याचा वेळ वाढवायचा. अमेरिकी संशोधिका मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. एका वेळी एकच गोष्ट घ्या. पंधरा दिवसांनी ती एवढीच बघायला जा, दुसरं काही दिसलं तरी त्या दिवशी बोलू नका.

एक शक्यता मात्र राहते. बाईंचं उत्तर तुम्हाला पटणार नाही. तेव्हा पटल्याचं सोंग करू नका. ‘मुलाला जपण्याचं मला पटतं. पण मागचे वीसजण पूर्ण तास एकही उत्तर देत नाहीत, हे आपल्याला चालणार नाही. दोन्ही कसं साधायचं?’ असं म्हणा. मोकळेपणाने विचारणं म्हणजे स्वतःचं मत गुंडाळून ठेवणं नव्हे.

दुखावलेल्या दोघींकडे कसं जायचं? वेगवेगळं जा, त्यांच्या वर्गात जा, तुमच्या खोलीत बोलावू नका. गुण देण्याची पद्धत तुम्ही बंद करताय हे त्यांना सगळ्यांच्या आधी सांगा आणि का ते सांगा. मग त्यांना तुमचा तास बघायला बोलवा. तुम्ही तास घेत नसाल तर आठवड्यातून एक तरी घ्या, शक्यतो अवघड समजला जाणारा वर्ग. त्या बघतील, तुम्हाला सांगतील, आणि त्यांनी सांगितलेली एक गोष्ट तुम्ही पुढच्या मीटिंगमध्ये त्यांच्या नावासह सांगाल, अर्थात त्यांची परवानगी घेऊन. रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या विश्लेषणात शाळाप्रमुखाच्या निरनिराळ्या कामांपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन स्वतः त्यात सामील होण्याचा. ‘सामील होण्याचा’ हा भाग बहुतेकजण सोडून देतात, कारण त्यात आपलं कच्चं काय आहे ते दिसतं.

मीटिंगमधल्या ‘हो’बद्दल थोडंच सांगते. बहुतेक वेळा लोक गप्प बसतात कारण निर्णय झालेला आहे हे त्यांनी ओळखलेलं असतं. म्हणून प्रत्येक विषयापुढे लिहून टाका: ही माहिती आहे, यावर तुमचं मत हवंय पण निर्णय मी घेणार, किंवा हे तुम्हीच ठरवायचंय. नुसती माहिती असेल तर तिच्यासाठी मीटिंग घेऊच नका, लेखी सूचना फिरवा. मत हवं असेल तर आधी दोन मिनिटं सगळ्यांना लिहू द्या, मग सर्वांत नव्या शिक्षकापासून सुरुवात करा. तुमचं मत शेवटी. तुम्ही आधी बोललात की उरलेली मीटिंग तुमच्या मताच्या आवृत्त्या ऐकण्यात जाते.

यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय: स्टाफरूममधलं बोलणं तुमच्या कानावर ‘तिसऱ्याच माणसाकडून’ येतं. हा तिसरा माणूस कोण आहे ते सगळ्या शाळेला माहीत आहे, एवढं नक्की धरा. तो येतो आणि तुम्ही ऐकून घेता, हेही माहीत आहे. जोवर हे चालू आहे तोवर वर सांगितलेलं काहीही चालणार नाही. पुढच्या वेळी तो आला की शांतपणे विचारा, ‘हे त्यांच्याशी बोललात का? त्यांना माझ्याकडे यायला सांगाल का?’ आणि विषय बदला. दोन-तीनदा असं झालं की तो थांबेल. थोडे दिवस तुम्हाला काहीच कळत नाहीये असं वाटेल, अस्वस्थ व्हाल. त्या काळात टिकून राहायचं. मात्र यात एक अपवाद: मुलांच्या सुरक्षिततेशी संबंधित काहीही असेल तर कुणाकडूनही, कसंही आलेलं असो, ते ऐकायचं आणि त्याच दिवशी ठरलेल्या लेखी मार्गाने पुढे न्यायचं. तिथे नातेसंबंध जपण्याचा प्रश्न येत नाही.

पालकांच्या तक्रारीतही शिक्षक तुम्हाला जोखत असतात. पालकांसमोर लगेच ‘मी बाईंना समज देतो’ म्हणू नका आणि ‘आमचे शिक्षक असं करणारच नाहीत’ असंही नाही. ऐका, लिहून घ्या, कधी उत्तर देणार तो दिवस सांगा. आणि शिक्षकाला ही तक्रार तुमच्याकडूनच, त्याच दिवशी, तक्रारीच्याच शब्दांत कळू द्या.

आणखी एक, कारण असं उत्तर वाचून काहीजण फार मऊ होतात. जो शिक्षक वारंवार मदत करूनही वर्गावर वेळेत जात नाही, तयारी करत नाही, त्याच्याबाबत औपचारिक प्रक्रिया सुरू करा. बाकीचे बघत असतात. एकाचं न केलेलं काम दुसरे उचलतात आणि मुख्याध्यापकांना ते दिसत नाही, असं झालं की सगळ्यात आधी चांगले शिक्षक तुमच्यापासून दूर जातात.

बदल होतोय हे कसं ओळखायचं? माझ्या पाहण्यात पहिली खूण बहुधा अप्रिय असते. लोक तुमच्या तोंडावर तक्रार करायला लागतात. एखादी बाई मीटिंगमध्ये म्हणते, ‘सर, हे मागच्या वेळी ठरलं होतं आणि झालेलं नाही.’ त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते सगळे बघणार आहेत. ‘बरोबर आहे, राहिलंय. शुक्रवारपर्यंत सांगतो,’ एवढं म्हणा आणि शुक्रवारी सांगा.

राहता राहिला फाइलचा प्रश्न. शिकण्यासाठीच्या निरीक्षणाचं टिपण शिक्षकाच्या हातात द्या आणि स्वतःकडे फक्त ठरलेली एक गोष्ट आणि पुढची तारीख ठेवा. फाइलला औपचारिक मूल्यमापनाचाच कागद लागेल, तोही शिक्षकाने वाचून आपलं म्हणणं खाली लिहिल्यावर. आधी दिलेले गुण कुठे नोंदवले असतील आणि नियमाने ते ठेवणं बंधनकारक नसेल, तर ते काढून टाकताय हे सर्वांना लेखी कळवा. बंधनकारक असेल तर तेही तसंच सांगा, आणि त्या कागदावर आपलं म्हणणं जोडण्याची संधी प्रत्येकाला द्या.